पाँटून बोट लिफ्ट

पाँटून बोट लिफ्ट हे पोकळ व हवाबंद नळकांड्यांवर तरंगणारी सपाट माथ्याची बोट वापरात नसताना पाण्याच्या पृष्ठभागाच्या वर उचलून धरणारे यांत्रिक साधन आहे. बोटीचे वजन पेलणारा पाळणा, तो वर-खाली करणारी यंत्रणा (विंच, द्रवचलित दट्ट्या किंवा हवेच्या टाक्या) आणि हा सर्व भार तळावर किंवा पाण्यावर टेकविणारा सांगाडा हे तिचे तीन मुख्य भाग होत. पाण्याची पातळी वर्षभर जवळपास स्थिर राहणाऱ्या सरोवरांसाठी ही लिफ्ट प्रथम विकसित झाली. महाराष्ट्रातील धरणांच्या जलाशयांत पातळी दरवर्षी काही मीटरने चढते व उतरते. त्यामुळे लिफ्टची निवड येथे केवळ बोटीच्या वजनावरून करता येत नाही. पाणी किती उतरते आणि काठ किती मागे सरकतो, हा पहिला प्रश्न ठरतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके आणि त्यांच्या खालच्या अंगाला पसरलेला उजनीचा फुगवटा हे याचे ठळक उदाहरण आहे.

नाव व पूर्वपीठिका

‘पाँटून’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचे मूळ पूल या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. नद्यांवर तात्पुरते पूल उभारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पोकळ तरंडांना प्रथम हे नाव मिळाले. प्रयागराज येथील कुंभमेळ्यात गंगेवर असे तरंगते पूल आजही बांधले जातात. दोन नळकांड्यांवर फळी टाकून केलेली आधुनिक पाँटून बोट मात्र अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५० च्या दशकाच्या प्रारंभी अँब्रोज वीरेस यांनी घडविली.

या रचनेमागील कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. दोन होड्या किंवा दोन तरंगत्या वस्तू एकमेकींना जखडून केलेल्या साधनाला मराठीत ‘सांगड’ म्हणतात. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार याच शब्दापासून आला. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून नदी ओलांडण्याची रीत जुनी आहे. दोन तरंडांमधील अंतरामुळे सांगड सहजासहजी कलंडत नाही, आणि हाच पाँटून बोटीचाही मुख्य गुण आहे. लोखंडी पिंपे किंवा प्लॅस्टिकचे ड्रम बांधून त्यांवर पाण्याची मोटार ठेवण्यासाठी शेतकरी जो तराफा करतात, तोही तत्त्वतः पाँटूनच होय. २०० लिटरचे बंद पिंप पूर्ण बुडाल्यास २०० किलोग्रॅम पाणी बाजूस सारते. पिंपाचे स्वतःचे वजन वजा जाता ते सुमारे १८० किलोग्रॅम भार तोलू शकते. परंतु सुरक्षिततेसाठी त्याच्या निम्माच भार धरावा लागतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

भीमा नदी शिरूर व दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून काही अंतर वाहते. उत्तरेला शिरूर तालुक्यातील नागरगाव, मांडवगण फराटा ही गावे व दक्षिणेला दौंड तालुक्यातील पारगाव, नानगाव ही गावे या पट्ट्यात येतात. शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठा नदी भीमेस मिळते. घोड नदीवर शिरूर तालुक्यातील चिंचणी येथे धरण आहे. ही नदी पुढे दौंड शहराच्या वरच्या अंगाला भीमेत मिसळते. दौंडच्या पूर्वेस राजेगाव, खानोटा या गावांकडे उजनी धरणाचा फुगवटा सुरू होतो आणि पुढे इंदापूर तालुक्यातील डिकसळ, भिगवण, कुंभारगाव या परिसरात तो विस्तीर्ण रूप धारण करतो.

उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात असून ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, तर मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर आहे. म्हणजे केवळ उपयुक्त साठ्याच्या मर्यादेतच पाणी ५.८ मीटर वर-खाली होते. तुटीच्या वर्षी पाणी मृतसाठ्याच्याही खाली जाते, आणि त्याला बोलीभाषेत ‘धरण मायनसमध्ये गेले’ असे म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांहूनही खाली गेला होता. अशा वर्षी पळसदेव येथील जलाशयात बुडालेले जुने मंदिर उघडे पडते.

वरच्या अंगाच्या नदीपात्रातील स्थिती वेगळी आहे. तेथे पाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळे अडते. पावसाळ्यानंतर बंधाऱ्यांना ढापे टाकले जातात व पावसाळ्यापूर्वी ते काढले जातात. ढापे असेपर्यंत पातळी बरीचशी स्थिर राहते आणि ते काढताच पात्र रिकामे होते. पावसाळ्यात खडकवासला साखळीतील धरणे, पवना, चासकमान व घोड येथून पाणी सोडले की नदी एका रात्रीत चढते. दौंड येथे मोजला जाणारा विसर्ग हा आकडा म्हणूनच उजनीकाठच्या लोकांच्या रोजच्या बोलण्यात असतो.

बोट पाण्याबाहेर काढण्याची कारणे

बोट सतत पाण्यात ठेवल्यास पुढील हानी होते.

पहिली हानी गळतीची. नळकांड्याच्या जोडातील बारीक चीर बोट तरंगत असेपर्यंत दिसत नाही. सुमारे ६१ सेंटीमीटर व्यासाच्या व ६ मीटर लांबीच्या नळकांड्याचे घनफळ १,७५० लिटरच्या आसपास भरते. त्याच्या दहाव्या भागात पाणी शिरले, तरी एका बाजूचे वजन १७५ किलोग्रॅमने वाढते आणि बोट त्या बाजूस झुकते.

दुसरी हानी क्षरणाची. ॲल्युमिनियमवर स्वतःचा संरक्षक थर तयार होतो. परंतु सांडपाणी मिसळलेले पाणी, शेवाळ व गाळ यांच्या सततच्या संपर्कात त्याला बारीक खड्डे पडू लागतात. लोखंडी पिंपांवर गंजाचा परिणाम याहून लवकर होतो.

तिसरी हानी जलपर्णीची. वाऱ्याबरोबर सरकणारे जलपर्णीचे थर बांधलेल्या बोटीभोवती दाटतात, दोर ताणतात व इंजिनाच्या पंख्यात अडकतात.

चौथी हानी वाऱ्याची. एप्रिल व मे महिन्यांत वळवाच्या पावसापूर्वी सुटणारे वादळी वारे विस्तीर्ण जलाशयावर थोड्याच वेळात मोठ्या लाटा उठवतात. छत असलेली पाँटून बोट वारा शिडासारखा धरते आणि दोर तुटून काठावरील खडकांवर आपटू शकते. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उजनीच्या जलाशयात उलटली व सहा जणांचा मृत्यू झाला. ती दुर्घटना चालत्या बोटीची होती आणि लिफ्टमुळे ती टळली असती असे म्हणता येत नाही. मात्र या जलाशयावर वारा किती अल्पावधीत धोकादायक होतो, हे तिच्यावरून स्पष्ट होते. काठावरील कोणत्याही साधनाची मजबुती याच वाऱ्याच्या कसोटीवर ठरवावी लागते.

मच्छीमार कुटुंबासाठी बोट हे उपजीविकेचे भांडवल असते. तिचे आयुष्य काही वर्षांनी वाढणे वा घटणे हा त्या कुटुंबाच्या अर्थकारणातील मोठा फरक ठरतो.

प्रकार

उभी लिफ्ट. चार खांबांच्या चौकटीत पाळणा तारदोरांनी टांगलेला असतो व तो सरळ वर उचलला जातो. बोट साधारणतः सव्वा ते दीड मीटर वर घेता येते. पातळीत अर्ध्या-एक मीटरचा फरक पडणाऱ्या ठिकाणी ही उपयुक्त आहे. खांबांचे पाय तळावर घट्ट टेकणे आवश्यक असते.

झुलती (कँटिलिव्हर) लिफ्ट. पाळणा समांतर भुजांवर बसविलेला असून तो पुढे झुलत वर येतो. हिच्यात दोर व कप्प्या कमी असल्याने देखभाल सोपी पडते आणि उथळ पाण्यात ती चालते. परंतु उचलण्याची उंची सुमारे एक मीटरपुरती मर्यादित राहते.

द्रवचलित लिफ्ट. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्यांनी पाळणा उचलला जातो. काम जलद होते, मात्र किंमत अधिक असते आणि तेल गळाल्यास पाणी दूषित होते.

तरंगती लिफ्ट. पाळण्याखालील टाक्यांत पाणी भरून तो बुडवितात. बोट आत आली की टाक्यांत हवा भरून पाणी बाहेर काढतात व पाळणा बोटीसह वर येतो. ही लिफ्ट पातळीबरोबर आपोआप चढते व उतरते. तिच्याखाली निदान दीड मीटर पाणी असावे लागते. पाणी मागे सरकल्यास तिचे नांगर व दोर वेळोवेळी पुढे हलवावे लागतात.

उतरण व गाडा. ही काटेकोर अर्थाने लिफ्ट नसली, तरी कार्य तेच करते. काठावर बांधलेल्या किंवा मुरूम टाकून घट्ट केलेल्या उतरणीवरून चाकांचा गाडा पाण्यात सोडतात. बोट त्यावर घेऊन विंच, कप्पी किंवा ट्रॅक्टरच्या साहाय्याने वर ओढतात. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवण्याची जी परंपरा आहे, तिचेच हे यांत्रिक रूप होय. समुद्राला भरतीचे पाणी रोज परत येते. जलाशयाचे पाणी एकदा मागे गेले की पुढच्या पावसाळ्यापर्यंत परतत नाही, हा दोहोंतील महत्त्वाचा भेद आहे.

निवडीचे निकष

पातळीतील फरक

लिफ्ट घेण्यापूर्वी नियोजित जागेवरील सर्वांत वरची व सर्वांत खालची पाणीरेषा किमान दोन-तीन वर्षांच्या अनुभवावरून ठरवावी. जलसंपदा विभागाची रोजची पातळी उपलब्ध असते. तिची सांगड काठावरील खुणांशी घातल्यास अंदाज बराच अचूक येतो.

फरक एक मीटरच्या आत असल्यास उभी किंवा झुलती लिफ्ट चालते. तो दोन-तीन मीटर असल्यास पाय लांबविता येणारी लिफ्ट लागते व ती हंगामात अनेकदा हलवावी लागते. उजनीसारखा सहा मीटरांच्या जवळचा फरक असल्यास स्थिर पायांची लिफ्ट वर्षातील बराच काळ एक तर पाण्यात बुडालेली किंवा कोरड्यात उभी राहते.

याशिवाय उतार महत्त्वाचा ठरतो. काठाचा उतार आठास एक (आठ मीटर अंतरात एक मीटर उंची) असेल, तर ५.८ मीटर पाणी उतरल्यावर पाणीरेषा सुमारे ४६ मीटर मागे जाते. उतार शंभरास एक असेल, तर तीच रेषा ५८० मीटर मागे जाते. फुगवट्याच्या वरच्या टोकाकडील सपाट काठांवर पाणी ओसरल्यावर मैदाने उघडी पडतात, त्याचे कारण हेच आहे. अशा काठावर कोणतेही स्थिर साधन निरुपयोगी ठरते. म्हणून बोटीचा तळ शक्य तो तीव्र उताराच्या, खडकाळ किंवा मुरमाड काठाजवळ निवडावा.

तळाची माती

जलाशयाच्या तळाशी काळ्या मातीचा व गाळाचा जाड थर असतो. भिजलेल्या गाळात लिफ्टचे पाय असमान खचतात आणि चौकट तिरकी होते. चौकट तिरकी झाली की एका बाजूच्या दोरावर अधिक भार येतो. पायांखालील बैठका ३० सेंटीमीटर चौरसाऐवजी ६० सेंटीमीटर चौरस केल्यास मातीवरील दाब एकचतुर्थांश होतो. हा साधा उपाय अनेकदा मोठ्या लिफ्टपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

वजनाचा हिशेब

माहितीपत्रकात दिलेले बोटीचे वजन बहुधा रिकाम्या बोटीचे असते. लिफ्टसाठी सर्व साहित्यासह भरलेल्या बोटीचे वजन धरावे लागते. मध्यम आकाराच्या एका बोटीचा नमुना हिशेब पुढीलप्रमाणे करता येईल :

रिकामी बोट — ८०० किलोग्रॅम
४० अश्वशक्तीचे इंजिन — सुमारे १०० किलोग्रॅम
५० लिटर पेट्रोल — सुमारे ३७ किलोग्रॅम
बॅटरी — २५ किलोग्रॅम
नांगर, दोर, जीवरक्षक जाकिटे, छत व आसने — ५० किलोग्रॅम
एकूण — १,०१२ किलोग्रॅम

यावर निदान २५ टक्के राखीव क्षमता धरल्यास १,२६५ किलोग्रॅम होतात. म्हणून १,५०० किलोग्रॅम क्षमतेची लिफ्ट योग्य ठरते. राखीव क्षमता हा अनाठायी खर्च नव्हे. पावसाळ्यात ताडपत्रीवर पाणी साचते. ६ मीटर लांब व अडीच मीटर रुंद माथ्यावर केवळ १ सेंटीमीटर पाणी साचले, तरी १५० किलोग्रॅम वजन वाढते. नळकांड्यांत शिरलेल्या पाण्याचे वजन त्याहून निराळे.

इंजिन मागे असल्याने बोटीचा गुरुत्वमध्य मध्यभागाच्या मागे असतो. पाळण्याचा मध्य त्या बिंदूखाली यावा, अशा बेताने बोट पुढे-मागे ठेवावी.

रुंदी व आधार

पाँटून बोटीची रुंदी साधारणतः २.४ ते २.६ मीटर असते. पाळण्याची आतील रुंदी त्याहून निदान ३० सेंटीमीटर जास्त हवी. साध्या होडीसाठी केलेल्या पाळण्याचा आधार मध्यभागी असतो. पाँटून बोटीचे वजन मात्र दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांवर किंवा त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळयांवर असते. म्हणून आधारफळ्या नळकांड्यांच्या जास्तीत जास्त लांबीस स्पर्श करतील अशा बसवाव्यात. भार एखाद्या बिंदूवर एकवटल्यास ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला पोचा पडतो. फळ्यांवर जाड गालिचा किंवा रबर लावतात. ताम्रयुक्त रसायनांनी प्रक्रिया केलेले लाकूड ॲल्युमिनियमला थेट लागू देऊ नये, कारण त्यामुळे क्षरण वाढते.

चालकशक्ती

ग्रामीण भागात शेतीसाठीची वीज ठरावीक तासांतच आणि कधी रात्री मिळते. जलाशयाच्या काठावर ती असेलच असेही नाही. त्यामुळे हातविंच किंवा १२ व्होल्टची बॅटरी व सौरपट्टी यांवर चालणारी मोटार अधिक भरवशाची ठरते. मुख्य वीजवाहिनीवरील मोटार वापरायची झाल्यास गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे सुरक्षा स्विच व योग्य भूसंपर्क (अर्थिंग) अनिवार्य मानावे.

उतरणीवर गाडा ओढण्यासाठी लागणारे बळ सोप्या हिशेबाने काढता येते. बोट व गाडा यांचे मिळून वजन १,२५० किलोग्रॅम आणि उतार आठास एक असल्यास केवळ उतारासाठी सुमारे १५६ किलोग्रॅम भाराइतके ओढबळ लागते. चिखलात चाकांचा विरोध यात मोठी भर घालतो. एक स्थिर व एक फिरती कप्पी वापरल्यास लागणारे बळ निम्मे होते, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. चेन-कप्पी किंवा दातेरी विंच असल्यास दोन माणसे हे काम करू शकतात.

वापराची पद्धत

१. वारा व लाटा पाहाव्यात. जोराच्या वाऱ्यात बोट लिफ्टमध्ये घेण्याऐवजी आडोशाला नांगरणे अधिक सुरक्षित असते.

२. पाळणा नळकांड्यांच्या तळापेक्षा ३० ते ४० सेंटीमीटर खाली जाईल एवढा बुडवावा.

३. बोट वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, मंद गतीने व सरळ आत घ्यावी. दोन्ही बाजूंस मार्गदर्शक खांब असल्यास काम सोपे होते.

४. इंजिन बंद करून वर उचलावे व बोट पुढे-मागे दोन्ही ठिकाणी बांधावी.

५. सर्व माणसांनी बोटीतून उतरावे.

६. पाळणा नळकांड्यांना नुकताच टेकेपर्यंत उचलून थांबावे. दोन्ही बाजू सारख्या टेकल्या आहेत, याची खात्री झाल्यावरच पुढे उचलावे.

७. अपेक्षित लाटांच्या वर साधारण अर्धा मीटर उंची पुरेशी असते. अधिक उंचीवर वाऱ्याचा मारा वाढतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून मागची बाजू किंचित खाली ठेवावी.

८. विंचचा अडसर घालावा व जादा सुरक्षेसाठी साखळी अडकवावी.

बोट पुन्हा पाण्यात सोडण्यापूर्वी नळकांड्यांची बुचे घट्ट आहेत का, हे तपासावे. बोट टांगलेली असताना बूच काढल्यास आत शिरलेले पाणी बाहेर पडते आणि ते किती निघाले, यावरून गळतीचा अंदाज येतो. लिफ्टचा हा लाभ फारसा लक्षात घेतला जात नाही.

धोके

हातविंचवरील चाक भार उतरविताना हातातून सुटल्यास वेगाने उलटे फिरते. त्यात हात किंवा जबडा मोडण्याइतकी इजा होऊ शकते. म्हणून आपोआप लागणारा ब्रेक असलेलीच विंच घ्यावी आणि फिरते चाक हाताने थांबविण्याचा प्रयत्न कधीही करू नये. उचललेल्या बोटीखाली पोहणे, मासे धरणे किंवा मुलांनी खेळणे जिवावर बेतू शकते. ताणलेला तारदोर तुटल्यास तो चाबकासारखा फिरतो. ओढकाम चालू असताना दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. उतरणीवर गाड्याच्या मागे, म्हणजे पाण्याच्या बाजूस, थांबणे तितकेच धोक्याचे आहे. पेट्रोलची वाफ साचलेली असताना बॅटरीची जोडणी करू नये.

देखभाल

तारदोर दर महिन्याला कापड फिरवून तपासावा. तुटलेले पदर कापडाला अडकतात. असे पदर, गंज किंवा पीळ आढळल्यास दोर बदलावा, कारण त्याला गाठ मारून काम भागत नाही. कप्प्यांना पाण्यात टिकणारे ग्रीस द्यावे. लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात रबर किंवा नायलॉनची चकती ठेवावी. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा तुकडा जोडल्यास तो स्वतः झिजून सांगाडा वाचवितो. जलपर्णी पाळण्यावर साठू देऊ नये; तिचा ओला ढीग विलक्षण जड असतो. नदीपात्रातील लिफ्ट ढापे काढण्यापूर्वी सोडवून उंचावर न्यावी. पुराबरोबर येणारे ओंडके व जलपर्णीचे थर यांपुढे कोणतीही हलकी चौकट टिकत नाही.

कायदेशीर बाबी

जलाशयाचे क्षेत्र व पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन शासनाच्या ताब्यात असते. तेथे पक्की उतरण, खांब किंवा धक्का बांधण्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागते. अंतर्देशीय जलमार्गांवरील यांत्रिक बोटींना अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू असून त्याने १९१७ चा जुना अधिनियम मोडीत काढला. महाराष्ट्रात या विषयाचे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. प्रवासी वाहून नेणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी व जीवरक्षक जाकिटे यांना पर्याय नाही.

भीमा व घोड नद्यांच्या पात्रांत बेकायदा वाळूउपशासाठी यांत्रिक बोटी वापरल्या जातात आणि महसूल विभाग अशा बोटी नष्ट करण्याची कारवाई वेळोवेळी करतो. या पार्श्वभूमीवर मासेमारी, पक्षिनिरीक्षण किंवा वाहतुकीसाठी बोट बाळगणाऱ्याने नोंदणीची कागदपत्रे जवळ ठेवणे हिताचे असते.

शिरूर–दौंड परिसरातील उपयुक्तता

वरील निकष एकत्र केल्यास परिसराचे तीन भाग पडतात. शिरूर व दौंड यांच्या सीमेवरील बंधाऱ्यांच्या पाण्यात ढापे असेपर्यंत हलकी, सुटी करता येणारी उभी किंवा झुलती लिफ्ट वापरता येते. पावसाळ्यात ती पात्रात ठेवता येत नाही. चिंचणी येथील घोड जलाशय व उजनीचा खोल भाग येथे तरंगती लिफ्ट तांत्रिकदृष्ट्या सर्वांत योग्य आहे, परंतु तिचा खर्च एकट्या मच्छीमाराच्या आवाक्याबाहेरचा असतो. उजनीच्या वरच्या, सपाट व गाळाच्या काठांवर मात्र रुंद चाकांचा गाडा, हलविता येणारी विंच आणि मुरमाची उतरण हीच व्यवहार्य पद्धत ठरते.

कुंभारगाव–भिगवण परिसरात हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) व इतर स्थलांतरित पक्षी पाहण्यासाठी पर्यटक येतात आणि स्थानिक मच्छीमार आपल्या होड्यांतून त्यांना नेतात. पाणी मागे सरकते तशी होड्यांची जागाही बदलते. उपसा सिंचनाच्या मोटारी व पाइप पाण्यामागे नेण्याचा खटाटोप शेतकऱ्यांनाही दरवर्षी करावाच लागतो. एखादा गाडा, एक विंच व एक पक्की उतरण मच्छीमार सहकारी संस्थेने किंवा गावाने सामायिक ठेवल्यास बोटी, तराफे व मोटारी या सर्वांसाठी तिचा उपयोग होऊ शकतो. लिफ्टची क्षमता किलोग्रॅममध्ये मोजली जाते. या प्रदेशात तिची उपयुक्तता मात्र पाणी जेथे जाते तेथवर तिला किती सुलभतेने नेता येते, यावर अवलंबून असते.